आमची वाटचाल : ‘पुराचं मशीन’

सांगलीत टी-शर्टवर प्रिंट मारणारे आता गल्लोगल्ली झालेत. २००६ साली गणपती पेठेच्या मागच्या बाजूला आम्ही चार रंग, चार पॅलेटचं (पॅलेट म्हणजे टी-शर्ट चढवायची फळी) मशीन लावलं तेव्हा तसं नव्हतं. आदल्या वर्षीचा पूर सगळ्यांनी पाहिलेला, म्हणून त्या पाण्याच्या खुणेवर ओटा चढवला आणि मगच मशीन बसवलं. मंडळांचे टी-शर्ट, शाळांचे पीटी ड्रेस, कबड्डीच्या जर्स्या, निवडणुका. धंदा चालला. त्या वर्षांचं वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते पॅलेटचं. मशीन घेताना माणूस किती रंगांचं ते विचारतो, पॅलेट कशाचे ते कोणी विचारत नाही. आमच्या मशीनबरोबर आलेले एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचे होते, फक्त वरच्या अंगाला सनमायका. वरून फ्लॅशची, म्हणजे शाई सुकवणाऱ्या हीटरची, धग, खालचं उघडं अंग पावसाळ्यात ओल पिणार. कडा उचलल्या, मधला भाग खोलगट झाला. मग मधोमध शाई उतरत नाही, पोरं स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, जोर लावून दाबतात, कडेची अक्षरं फुटतात, आणि शिव्या शाईवाल्याला.

हे ओळखलं मिरजेच्या आमच्या सुतारमामांनी. छपाईतलं त्यांना काही कळत नव्हतं. पॅलेटवर स्टीलची पट्टी उभी धरली, पलीकडून बॅटरी मारली, आणि पट्टीखालून उजेड कुठं येतो ते दाखवलं. म्हणाले, "एका अंगाला सनमायका लावून फळी सरळ ऱ्हाईल व्हय? दोन्हीकडनं लाव." मग १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणला, पाण्याला टिकणारा, ७१० मार्कचा. दोन्ही अंगांना सनमायका, चारी कडांना पाणी अडवायला इपॉक्सी. पॅलेट मशीनच्या हातावर बसवणाऱ्या ब्रॅकेटच्या भोकांसाठी मामांनी लोखंडी साचा केला. आमच्या मशीनचे हात मुळातच जरा डावीकडे आहेत, म्हणून त्यात भोकं सूतभर सरकवून घेतली. हा साचा लक्षात ठेवा. पलीकडच्या गल्लीतल्या एका छपाईवाल्यांनी, नाव घेत नाही, तो ‘बघून देतो’ म्हणून नेला आणि बऱ्याच दिवसांनी परत केला.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा गेली ५७ च्या पुढं. आमचा ओटा कुठल्या कुठं राहिला. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर आत सगळा गाळ. स्क्रीनच्या जाळीवरचं इमल्शन, म्हणजे डिझाइनचा थर, लोंबत होतं, लाकडी फ्रेम वाकलेल्या, मशीनच्या बेअरिंगमध्ये चिखल. माळ्याखाली ठेवलेले जुने एमडीएफचे पॅलेट भिजलेल्या खारीसारखे फुगलेले. मामांचे पॅलेट मात्र तसेच! जिथं इपॉक्सीला टवका होता तिथंच थर सुटले होते.

विम्याचे सर्व्हेअर आले. त्यांनी पॅलेट लिहिले ‘लाकडी फळ्या, जुन्या’. त्याचे जे पैसे मिळाले त्यात सनमायकासुद्धा आला नसता. वर हे पलीकडच्या गल्लीतले. त्यांचं दुकान पहिल्या मजल्यावर, पाणी लागलंच नाही. आमच्या एकेका गिऱ्हाइकाला फोन करून सांगायला लागले, "ते पुराचं मशीन, प्रिंट हलणारच." दोन शाळा गेल्या, एक क्लब गेला. गणपती २ सप्टेंबरला.

गावभागातल्या एका मंडळाचे अण्णा पहिल्या वर्षापासून आमच्याकडे येतात. त्या वर्षी मंडळानं मांडवाचा खर्च कापून पैसे पूरग्रस्तांना दिले, पण कार्यकर्त्यांचे टी-शर्ट हवेच होते. अण्णा गाळ काढलेल्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मशीन चालतंय का तेवढं सांग. लोक काय म्हणतात ते मला नको."

मामांनी पॅलेट उन्हात ठेवू दिले नाहीत. सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वर वजन ठेवून वाळवले. ऊन लागलं की एक अंग आधी आटतं आणि फळी वळते. सुटलेल्या थरात इपॉक्सी भरून क्लॅम्प आवळले, ब्रॅकेटचा गंज घासला, भोकं त्याच साच्यावर पुन्हा तपासली. अण्णांचे टी-शर्ट दोन रंगांत निघाले, एकही रंग हलला नाही.

आता तुम्ही विचारलं नसलं तरी सांगतो. टी-शर्ट पॅलेटवर चिकटून राहावा म्हणून मारायचा स्प्रे गम स्वस्त वाटतो, पण त्यावर कापडाची तूस बसते, थर चढतो आणि पॅलेट कधी उंचसखल झाला ते कळत नाही. पाण्यात विरघळणारा गम वापरा, ओल्या फडक्यानं पुसा. थर साचलाच तर फ्लॅशखाली जरा गरम करून प्लास्टिकच्या पट्टीनं काढा. लोखंडी खरवडणी नको. थिनर तर मुळीच नको, तो सनमायकाच्या सांध्यात शिरतो आणि रबरी पॅलेट असेल तर रबर फुगवतो. वर पॅलेट टेप लावली तर निम्मी कटकट वाचते. जाळी आणि कापडात दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवता ना? ते चारी कोपऱ्यांत तेवढंच आहे का ते कामाच्या आधी बघा. ॲल्युमिनियम घेण्याची ऐपत असेल तर जरूर घ्या, पण त्यालाही पोचे येतात, आणि पोचा भरणारा माणूस आधी शोधून ठेवा.

२०२० मध्ये मंडळंच नव्हती, ते सगळ्यांचं एकच रडगाणं. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं तेव्हा बोल्ट सोडून पॅलेट आदल्या रात्रीच वरच्या मजल्यावर नेले होते.

हल्ली दुसऱ्यांचे पॅलेटही आम्ही दुरुस्त करतो. सनमायका बदलणं, कडा भरणं, पातळी काढणं. पलीकडच्या गल्लीतले पॅलेटही येतात, रिक्षातून, कुणा तिसऱ्याच्याच नावानं. उलटा करून पाहिलं की भोकं सूतभर डावीकडे. त्यांच्या मशीनचे हात सरळ आहेत, त्यांना ती तशी पाडायची गरजच नव्हती. मी काही बोलत नाही. फक्त त्यांचं बिल आगाऊ घेतो.