मुलीचं नाव वेगळं हवंय? आधी चारही शब्द मोठ्याने म्हणा

महाराष्ट्रात मुलीचं मधलं नाव निवडायचा प्रश्नच नसतो. आत्ताआत्तापर्यंत तिथे वडिलांचं नाव ठरलेलं होतं. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने क्रम बदलला: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. शाळेचा दाखला, परीक्षेची प्रमाणपत्रं, पुढे पगारपत्रक, सगळीकडे हाच क्रम. मधली दोन नावं आधीच ठरलेली आहेत, हातात आहे ते फक्त पहिलं. ते आईच्या नावाला लागून कसं वाजतं, ही पहिली परीक्षा.

बाई हजेरी घेतात तसं पूर्ण नाव सलग म्हणून बघा. 'रेवती स्वाती' म्हणताना 'ती'ला 'ती' आपटते. 'आलापिनी मृणालिनी' ही तर आठ अक्षरं झाली, शेवट दोन्हीकडे सारखाच, आणि वडिलांचं नाव, आडनाव अजून बाकी. आईचं नाव लांब असेल तर मुलीचं दोन-तीन अक्षरी ठेवा: 'वेण्णा मृणालिनी' छान उतरतं. आईचं छोटं असेल तर लांब नावाला जागा मिळते: 'आलापिनी स्वाती'.

आता वेगळी नावं शोधायची कुठे? आमचं स्पष्ट मत आहे की अक्षरं जुळवून नवा शब्द घडवण्यापेक्षा भाषेत पडून राहिलेला शब्द उचलावा. संगीतातल्या बावीस श्रुतींचंच, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांचंच बघा. प्रत्येक श्रुतीला नाव आहे आणि ती सगळी स्त्रीलिंगी आहेत. षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, चार श्रुती तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती. पुढे रंजनी, रक्तिका, प्रीती, संदीपिनी, आलापिनी, रम्या. (क्रोधी, रौद्री, उग्रा, क्षोभिणी याही त्याच यादीत आहेत, त्या सोडून द्या.) कुमुद्वती म्हणजे कुमुदांनी भरलेली, रामाच्या मुलाची, कुशाची, राणीही कुमुद्वतीच. हाक मारायला 'कुमुद' आयतं मिळतं. एवढं गोड नाव आज वर्गात एकीचंही नसतं, याची हळहळ वाटते.

रामायणातली ऊर्मिला सगळ्यांनी घेतली; भरताची मांडवी आणि शत्रुघ्नाची श्रुतकीर्ती मागे राहिल्या. मांडवी गोव्याची नदीही आहे, म्हणून गोव्याशी नातं असलेल्या घरात ते दुहेरी शोभतं. महाबळेश्वरच्या पाच नद्यांपैकी कृष्णा, गायत्री, सावित्री रुळल्या, कोयना थोडी, वेण्णा जवळजवळ नाहीच. नीरा मात्र जपून. नदी सुंदर, पण ताडाच्या रसाचंही तेच नाव आणि पाटी चौकाचौकात. वृत्तांमध्ये शिखरिणी आहे, स्रग्धरा आहे. स्रग्धरा म्हणजे माळ धारण करणारी. अर्थ देखणा, पण 'स्र'चा 'श्र' होण्याची शक्यता जन्मभर राहणार.

नावांच्या तयार याद्यांमध्ये निम्म्या नावांपुढे 'देवी लक्ष्मी' किंवा 'देवी दुर्गा' लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका, आपट्यांचा संस्कृत कोश किंवा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. 'अनया' कानाला हळुवार लागतं, पण 'अनय' म्हणजे अनीती. 'कियारा'ला संस्कृत मूळच नाही. आवडलं तर जरूर ठेवा, फक्त खोटा अर्थ चिकटवू नका. मुलगी मोठी होऊन विचारणार आहे.

मग रोमन स्पेलिंग. 'सई' एस-ए-आय असं लिहिलं की बाहेरचा माणूस 'साई' वाचतो, आणि एक नाजूक मुलीचं नाव पुरुषाचं होतं. ज्ञानदाचं 'डीएनवाय' मराठी माणसाखेरीज कुणाला उलगडत नाही. ऋता आपल्याकडे 'रुता', हिंदीत 'रिता'. 'ळ' तर रोमनमध्ये हरवतोच. मुलगी परदेशात वाढणार असेल तर पासपोर्टही लक्षात घ्या: त्यात आडनाव आणि 'गिव्हन नेम' असे दोनच रकाने असतात, मधली नावं पहिल्या नावाच्याच रकान्यात जातात.

हाक मारून बघा, लाडाचं रूप काय होईल तेही बघा. आलापिनीचं 'आलू' होणार हे गृहीत धरा आणि 'आला' किंवा 'पिनू' घरात आधीच रुळवा. छंदोवतीचं 'छंदा' आपोआप होतं.

पत्रिकेतल्या अक्षराचा हट्ट असेल तर आर्द्रा नक्षत्राच्या चौथ्या चरणाला 'छ' येतं, तिथे छंदोवती चपखल. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला 'ण' येतं, आणि 'ण'ने मराठीत नावच सुरू होत नाही. अशा वेळी अडून बसू नका. परंपरेनेच चार नावं सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यवहारनाम. अक्षराचं नाव पत्रिकेत राहू द्या. आजीच्या नावाचा आग्रह असेल तर तेही पाळण्यात ठेवता येतं. आत्या कानात 'कुर्रर्र' करून दोन नावं सांगू शकते, दाखल्यावर एक जातं.

बारसं बाराव्या दिवशी, जन्मनोंदणीची मुदत २१ दिवस. पण त्या नोंदीला नाव असावंच लागत नाही. नोंद वेळेत करा. नाव वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. घाईत घातलेलं नाव नंतर बदलणं मात्र फार जिकिरीचं. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागतो, तेव्हा अर्जावर देवनागरी आणि रोमन दोन्ही रूपं सुट्या, ठळक अक्षरांत लिहा. 'कुमुद्वती'तलं 'द्व' कारकुनाला समजेल असं काढा, आणि दाखला हातात आला की खिडकीवरून हलण्याआधी एकेक अक्षर वाचा.