पाऊस तेवढाच, पूर निराळा

पूर अभ्यासताना आपण एक सोयीची गोष्ट धरून चालतो: सगळ्या पाणलोटावर एकाच वेळी, एकसारखा पाऊस. अभियंते शर्मन यांनी १९३२ मध्ये मांडलेला युनिट हायड्रोग्राफ, म्हणजे ठरावीक पावसानंतर प्रवाह कसा चढतो-ओसरतो ते दाखवणारा आलेख, तोही त्यावरच उभा आहे. पण ढग सरकतात. पाऊस असा सरकला तर पूर किती बदलतो, एम.टेक.च्या प्रबंधासाठी मला तेच मोजायचं होतं.

लॅबमध्ये पत्र्याचा उतार केला, त्यावर ओळीने भोकं पाडलेले पाइप आडवे बसवले आणि प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह. खरा वेळ खाल्ला तो पाण्याच्या दाबाने. एक व्हॉल्व्ह उघडला की बाकीच्यांची धार मंदावायची. शेवटी वर टाकी ठेवली आणि ती सतत ओसंडत राहील अशी सोय केली, म्हणजे पातळी हलत नाही. दुसरा त्रास ठिबकण्याचा. व्हॉल्व्ह बंद केला तरी पाइप गळतच राहतो, म्हणून पावसाची वेळ संपली की लगेच खाली पन्हाळ सरकवायची. उताराच्या तोंडाशी वजनकाट्यावर बादली ठेवली आणि काट्याचे आकडे मोबाइलवर चित्रित केले. प्रवाह मोजायला महागडं यंत्र लागलं नाही.

व्हॉल्व्ह वरून खाली उघडत आणले, की वरचं पाणी खाली पोचेपर्यंत तिथेही पाऊस सुरू झालेला असे. मग प्रवाह एकदम उसळे. खालून वर गेलो, तर प्रवाह लवकर सुरू होई, पण खालचं पाणी आधीच निघून गेलेलं असल्याने शिखर बुटकं राही आणि ओसरणं लांबे. बादलीतलं एकूण पाणी दोन्ही वेळा जवळपास सारखंच! पावसाचा वेग पाण्याच्या वेगाच्या आसपास असला की हा फरक सर्वांत ठळक दिसे. पाइप भराभर उघडले तर तो जवळजवळ पुसला जाई.

पत्र्यावर कळलं ते नर्मदेच्या नकाशावर पटलं. अमरकंटकहून निघून १३१२ किलोमीटर ती पश्चिमेकडे जाते. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टेही बहुतेक वेळा पश्चिमेकडे, वायव्येकडे सरकतात. पट्टा खोऱ्यावरून गेला, तर पाऊस पुराच्या सोबतीनेच चालतो. सप्टेंबर १९७० मध्ये गुजरातेत नर्मदेकाठच्या गरुडेश्वरला सेकंदाला सुमारे ६९ हजार घनमीटर पाणी वाहिलं होतं. गोदावरी वाहते उलट दिशेला. पूर तिलाही येतातच, पण तिथे पट्टा प्रवाहाच्या विरुद्ध चढतो. माझ्या मते पूर-अंदाजात पावसाच्या मिलिमीटरइतकीच त्याची दिशा विचारायला हवी. मॉडेलमध्ये त्यासाठी फार काही लागत नाही: प्रत्येक उपपाणलोटाच्या पावसाची सुरुवात थोडी मागेपुढे करायची, बस्स.