वहिवाट

गाव नकाशात पायवाट एका तुटक रेषेनं काढतात आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरायची, गाडीवाटेची साडेसोळा ते एकवीस. भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीनमोजणीवाला, म्हणून एकतीस वर्षं काढली, त्यामुळे एवढं झोपेतही सांगेन. आमच्या नागपूर भागात याशिवाय जुन्या मध्यप्रांताच्या काळापासून चालत आलेले दोन कागद असतात. पहिला निस्तारपत्रक. गुरं कुठं चरतील, सरपण कुठून आणायचं, ते त्यात. दुसरा वाजिब-उल-अर्ज. पाणी कसं वळवायचं, मासे कोणी धरायचे, कोणाच्या शेतातून कोणी जायचं, ते त्यात. नाव भारदस्त आहे, पण आत लिहिलेलं असतं ते साधंच : या गावची चाल काय, एवढंच.

हे सगळं निवृत्तीनंतर पुन्हा उकरलं ते लेकीमुळे.

ती पुण्यात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी सुट्टी काढून स्पेनमध्ये चालून आली, तिथल्या 'कामिनो' नावाच्या जुन्या ख्रिस्ती यात्रेच्या वाटेनं, सारिया नावाच्या गावापासून सान्तियागोपर्यंत. किमान 100 किलोमीटर पायी चालून सान्तियागोला पोचलं की तिथं लॅटिनमध्ये लिहिलेलं प्रमाणपत्र मिळतं. आल्यावर तिनं जेवणाच्या टेबलावर एक घडीची पुस्तिका पसरली. वाटेतल्या चर्चचे, मुक्कामाच्या जागांचे, चक्क कॉफीच्या दुकानांचे शिक्के. मी चष्मा लावून एकेक शिक्का पाहिला. शिक्के हा माझा विषय आहे.

मग माझे प्रश्न सुरू झाले. वाट किती रुंद? जमीन कोणाची? मधे कोणी कुंपण घातलं तर तक्रार कुठं करायची? तिला हसू आलं. "बाबा, तिथं पिवळे बाण असतात. बाण बघायचा आणि चालायचं. डोकं चालवावं लागत नाही."

बाणांची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी निघाली. ओ सेब्रेरो या डोंगरावरच्या गावात एलियास वालिन्या नावाचा पाद्री होता. त्यानं 1980 च्या दशकात पिवळा रंग घेऊन झाडांवर, दगडांवर, भिंतींवर हे बाण काढायला सुरुवात केली. ज्या वाटेची माहिती बाराव्या शतकातल्या हस्तलिखितात आहे, तिच्यावर 1986 साली अडीच हजार माणसांनीसुद्धा प्रमाणपत्र घेतलं नव्हतं. 1993 साली ती वाट युनेस्कोच्या यादीत गेली. 2024 साली प्रमाणपत्रांचा आकडा पाच लाखांच्या घरात होता. सगळं श्रेय एका रंगाच्या डब्याला देता येणार नाही हे मलाही कळतं. पण नोकरीत हद्दीचे दगड रंगवायला आणलेले कितीतरी डबे मी सुकताना पाहिलेत, म्हणून मला तोच भाग आवडला.

"आपल्याकडे असं काही नाही ना," ती म्हणाली.

म्हटलं, आहे. तुझी पणजी दर कार्तिकात रामटेकला जायची.

माझी आजी कन्हान नदीपलीकडच्या गावची. दिवाळी आटोपली, धान खळ्यावर आलं की रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, जुंपायची. रेंगीत म्हातारी माणसं, लेकरं, रोडग्यांची कणीक आणि ते भाजायला गोवऱ्या. बाकीचे पायी. वैकुंठ चतुर्दशीला अंबाळा तलावाच्या पाळीवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा, मग परत. मी एकदाच गेलो, सहा वर्षांचा असताना, आणि निम्मी वाट झोपलो होतो. एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रांजण होता आणि त्यावर नारळाची कवटी पालथी घातलेली, एवढंच आठवतं.

तर गेल्या कार्तिकात आम्ही दोघं निघालो. आजची रामटेकची वाट म्हणजे कामठी, कन्हान, मनसर आणि तिथून उजवीकडे. गाडीनं तासाभराचं काम. आमची मंडळी मनसरकडून जायची नाहीत, ती चाचेरच्या अंगानं नगरधनला निघायची. म्हणून कन्हानपर्यंत हायवे आणि पुढं नकाशातल्या तुटक रेषा, असं ठरवलं. मुक्काम दोन.

पहिल्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नागपुरातल्या इंदोऱ्यातून पहाटे निघालो. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत डोक्यावर मेट्रो, पुढं कानाशी ट्रक. कामठीची छावणी 1821 सालची, तिथली झाडं मोठी आहेत, तेवढा एक पट्टा सुखाचा. कन्हानच्या पुलावर थांबून नदी पाहिली. लेकीनं त्या दिवशी एक गोष्ट तीनदा बोलून दाखवली, आणि ती बाईमाणसानं चालायचं ठरवलं तर आधी कळायला हवी, म्हणून इथं लिहितो. स्पेनमध्ये दर पाचसहा किलोमीटरवर शिरायला एखादं कॉफीचं दुकान असतं. इथं हायवेच्या कडेला तसं काही नाही. पंपावरचं स्वच्छतागृह मिळालं, पण कुलूप लावलेलं. शेवटी एका चहावालीनं तिला आपल्या घरी नेलं. बाण, शिक्के, प्रमाणपत्रं सगळं नंतर. आधी ही सोय.

कन्हानला नातेवाइकांकडे झोपलो. दुसऱ्या दिवशी खरी वाट सुरू झाली आणि वाट विचारणंही.

पहिल्या तासाभरात माझ्या लक्षात आलं की नकाशा जवळ असून उपयोग मर्यादित आहे. पांदण, म्हणजे शेतांमधली वाट, म्हणून दाखवलेली जागा बाभळींनी भरलेली. नहरावरचा पूल वाहून गेलेला. मग आम्ही विचारत निघालो. पाण्याचा पाइप ओढणारा पोरगा, कापूस वेचणाऱ्या बाया, सायकलवर दुधाचे कॅन लावलेला म्हातारा. प्रत्येकाला आधी आम्ही कुठले, कोणाचे, हे हवं असायचं. आजीच्या गावाचं नाव घेतलं की पुढचं सोपं जायचं. एका बाईनं वाट तर सांगितलीच, वर आमच्या एका लांबच्या आत्याची सून कशी वागते हेही सांगितलं. लेक म्हणाली, "तिथं आठ दिवसांत मी एकालाही वाट विचारली नाही. फक्त 'बुएन कामिनो', म्हणजे वाट शुभ असो, म्हणायचं आणि पुढं जायचं." तक्रार नव्हती तिची. बाणांमुळे एकटीला निर्धास्त चालता आलं, हेही तिनं लगेच जोडलं.

दुपारी एका शिवेवर तुटक रेष सरळ तुरीत शिरली. समोर चार तारांचं कुंपण, पलीकडे छातीएवढी तूर. वाट दिसत नव्हती. बांधावर बसलेला शेतकरी उठून आला.

"कुठी चालले जी?"

"रामटेकले. पायी."

"मंग इकून काऊन? रोड हाय ना तिकून."

माझ्यातला मोजणीवाला जागा झाला. पिशवीतून नकाशा काढला, तारेवर पसरला, रेषेवर बोट ठेवलं. गट नंबर सांगितला. सव्वाआठ फूट सांगितले. शिवेच्या वाटेचा हक्क, कलम 143, तेही सांगितलं. लेक मागून म्हणाली, "बाबा, राहू द्या." तो मात्र चिडला नाही. वाकून नकाशा नीट पाहिला, आपल्या शेताचा आकार ओळखला, आणि म्हणाला,

"हाय जी, वाट हायच. आमचा बाप सोडत जाय. पन आता चालते कोन?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि नसण्याचं कारण मला पक्कं माहीत होतं.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. दोन भावांच्या वाटणीची मोजणी होती. मधून पायवाट गेलेली. दोघांनाही ती नको होती. दोघं म्हणाले, साहेब, कोणी चालत नाही हो. दोघांचं एकमत असलेली तेवढी एकच गोष्ट होती. मी शेऱ्यात लिहिलं, 'सदर वाट वापरात नाही'. सह्या झाल्या, चहा झाला. निघताना गाडीपाशी उभा असताना त्याच वाटेनं एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन येताना दिसली. माझ्याजवळून गेली. कागद पिशवीत होता, पेन खिशात होतं. मी काही केलं नाही. आमच्या कामात वहिवाट हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. अमुक माणसं अमुक जागेवरून पूर्वापार जात आली, कोणी अडवलं नाही, म्हणून तो हक्क. त्याचा पुरावा म्हणजे चालणारी माणसं. तो पुरावा माझ्या समोरून भारा घेऊन गेला होता.

हे मी तारेपाशी लेकीला सांगितलं नाही. रात्री सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त बाटली माझ्याकडे सरकवली.

शेतकऱ्यानं शेवटी एका खांबावरून खालच्या दोन तारा सोडल्या, वरच्या उचलून धरल्या आणि आम्हाला आत घेतलं. तुरीच्या ओळींतून पलीकडच्या धुऱ्यापर्यंत पुढं चालत सोबत आला. त्याच्या लहानपणी त्रिपुरीला इथून रेंग्यांची ओळ लागायची आणि पोरं चाकांमागं पळायची, असं सांगत होता. पलीकडे गेल्यावर म्हणाला, "पुढल्या साली येता का?" मी हाव म्हटलं. आता विचार करतो तर तो नुसता शिष्टाचार नव्हता. तारा कायमच्या बांधायच्या की गाठ मारून ठेवायची, हे त्याला ठरवायचं होतं.

रात्री एका गावच्या मारुतीच्या देवळात झोपलो. सकाळी नगरधन.

नगरधन म्हणजे वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन. चौथ्या-पाचव्या शतकात इथून प्रभावतीगुप्ता राज्य चालवायची. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, नवरा लवकर गेलेला, मुलं लहान. 2015 ते 2018 मधल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा इथं सापडली, वर शंख कोरलेला. लेकीला ती गोष्ट फार भावली. "म्हणजे शिक्का हाही आहेच की," म्हणाली. तिचा एक ताम्रपट ऋद्धपूरला सापडला आहे. तो रामगिरीच्या स्वामींच्या, म्हणजे देवाच्या, पायांपाशी दिला, असं त्यातच लिहिलंय. म्हणजे जमिनीचं दानपत्र लिहून द्यायला राणी टेकडी चढून रामटेकला गेली होती. जमिनीचा कागद आणि देवाची वाट त्या काळीही इतकी जवळ होती. हा विचार मला पायाला फोड आलेला असताना सुचला, तेव्हा त्याला किती वजन द्यायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

ऋद्धपूर म्हटलं की महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी आलेच. तेराव्या शतकात भडोचहून ते घराबाहेर पडले ते रामटेकच्या यात्रेचं निमित्त सांगून. वाटेत ऋद्धपूरला त्यांचे गुरू गोविंदप्रभू भेटले आणि सगळा बेतच बदलला. पुढं त्यांनी शिष्यांना अटन करायला लावलं, एका जागी न राहता फिरायला. हल्ली पुष्कळ लोक मनःशांतीसाठी चालायला निघतात, माझी लेकही तशीच निघाली होती. नोकरीत तिला त्रास होता. मला एवढंच दिसतं की वाटेवर निघालेल्या माणसाचं ठरवलेलं काम आणि झालेलं काम वेगळं निघू शकतं, आणि आठशे वर्षांपूर्वीही निघालं होतं. ती स्पेनहून आल्यावर नोकरी सोडेल असं मला वाटलं होतं. तिनं सोडली नाही. बढती घेतली.

नगरधनहून टेकडी दिसत राहते. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं आमच्या नागपूरच्या वा. वि. मिराशींनी मांडलं. यक्ष तिथं वर्षभर एका जागी अडकून पडलेला. आम्हाला त्या दिवशी पाचसहा किलोमीटरही जास्त वाटत होते, आणि अडकून पडायला माझी हरकत नव्हती.

रामटेकच्या वेशीपाशी गाड्यांची गर्दी सुरू झाली. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, पण आम्ही अंबाळ्याला गेलो आणि जुन्या पायऱ्या धरल्या. पाळीवर बऱ्याच चुली पेटल्या होत्या. रोडग्यांचा तो धुराचा वास आला आणि मी थांबलो. लेकीला वाटलं दम लागला. दमही लागला होता.

वर वराहाच्या मूर्तीखालून सरपटत जायची चाल आहे. पापी माणूस मधेच अडकतो म्हणतात. लेक सहज पार झाली. मी पोटाकडे पाहिलं, तुरीतली वाट आठवली आणि प्रयोग टाळला. रामाचं दर्शन घेतलं. एका वानरानं आमची शेवटची केळी नेली. रात्री त्रिपुरीचा दिवा, त्रिपूर, पेटला तेव्हा आम्ही तटाला टेकून बसलो होतो. खाली नगरधनच्या बाजूला अंधार होता. मी बोट दाखवून आलेली वाट सांगायचा प्रयत्न केला, पण तिथून काही म्हणता काही दिसत नव्हतं.

परत एसटीनं आलो. कन्हानचा पूल आला तेव्हा लेक खांद्यावर झोपली होती.

कॉलनीतल्या दोघातिघांनी वाटेचा जीपीएस मागितला. मोबाइलवर नोंद झाली आहे, लेकीनं केली होती. मी अजून कोणाला पाठवलेली नाही. सोबत या म्हटलं. या कार्तिकाला पाच जणांनी नावं दिली आहेत. त्यातल्या एकाचे गुडघे दुखतात, तो बहुधा नगरधनपासून येईल. रोडग्यांची कणीक मी नेणार आहे. तारांना गाठ आहे की खिळे, ते तिथं गेल्यावरच कळेल.