जुन्या पिकअपचं इंजिन किलोमीटरने नाही, पाण्याने जातं

मीटरवर तीन लाख किलोमीटर दिसले म्हणून इंजिन संपलं असं धरू नका. बोलेरो किंवा टाटा २०७ची जुनी साधी डिझेल इंजिनं चिवट असतात. ती जातात ती तापून, आणि गोव्यात त्याची सुरुवात बऱ्याचदा रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतण्यापासून होते.

विहिरीच्या पाण्यातले क्षार हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) आतल्या वाटांमध्ये थर धरतात. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ॲल्युमिनियमचे भाग आतून खाल्ले जातात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला, दर दोन वर्षांनी बदला. इथे थंडी नाही, मग कूलंट कशाला, असं गॅरेजमध्येसुद्धा ऐकू येतं. पण गंज थांबवणं आणि पाणी लवकर उकळू न देणं ही कामंही त्याचीच आहेत.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून फेकणं तर सर्वांत वाईट. बायपास असलेल्या इंजिनात तो नसला की बायपासची वाट बंदच होत नाही. गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात फिरतो, आणि चोर्ला घाटात भरलेली गाडी उलट जास्त तापते. सपाटीवर मात्र इंजिन थंड राहून तेलात काळा गाळ धरतो. शंका असेल तर तो पातेल्यात पाणी तापवून तपासा: त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास, समजा ८२ अंशांना, उघडायला लागला पाहिजे. रेडिएटर कॅपचं रबर कडक झालं असेल तर कॅपच बदला, खर्च किरकोळ आहे.

बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या रिंगांजवळून खाली गळतोय, म्हणून लगेच इंजिन खोलू नका. आधी तो दाब बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप तुंबलाय का बघा. घाट उतरून ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर एकदाच येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्या, रिंगांवर नाही. चढावर सतत निळा धूर असेल तर रिंगा.

मासळी वाहणाऱ्या गाड्यांत हौद्यातून बर्फाचं खारट पाणी चॅसीवर गळतं आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक चॅसी-इंजिनला जोडणारी अर्थिंगची पट्टी कुजते. स्टार्टर जड फिरला की लोक नवी बॅटरी घेतात. त्याआधी स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष त्या वाटेत आहे. पट्टी बदला, तिच्या जागा घासून उघड्या करा, घट्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावा.

पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू दर आठवड्याला सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा. पाणी तळाला बसतं. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा, मग फिल्टरजवळचा हँड पंप मारून आत शिरलेली हवा काढा. रात्री टाकी भरलेली ठेवली तर मुळात पाणीच कमी साचतं.