असल्यास, नसल्यास आणि प्रश्न उद्भवत नाही

अधिवेशन सुरू झालं की टीव्हीवर काय दिसतं, तर पायऱ्यांवरची घोषणाबाजी, कुणाच्या तरी गळ्यात कांद्याची माळ, आणि मग दिवसभर त्याच दोन क्लिपा. आत आमदार मंत्र्यांना प्रश्न विचारतात तो प्रश्नोत्तराचा तास झालेला असतो, त्याच्याबद्दल चकार शब्द नाही. माझी नोकरी जिल्ह्याच्या एका ऑफिसात गेली, आणि त्यातली बरीचशी वर्षं अशा टेबलावर की जिथे या प्रश्नांच्या उत्तरांचा कच्चा माल बनायचा. म्हणजे उत्तर देणार मंत्रीसाहेब, पण त्यातला आकडा कुठल्यातरी तालुक्याच्या क्लार्कने जेवायला उठता उठता फोनवर सांगितलेला. घरच्यांना हे सगळं ऐकून ऐकून पाठ झालंय म्हणून आता इथे लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्याने सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं आणि त्यावर सदस्यांना उपप्रश्न, म्हणजे उत्तर ऐकून लगेच उलटून प्रश्न, विचारता येतात. अतारांकित म्हणजे नुसतं लेखी उत्तर. तासाभरात जेमतेम पाचसहा प्रश्न होतात, बाकीच्यांची छापील उत्तरं पटलावर, म्हणजे सभागृहाच्या रेकॉर्डवर, जातात. शिवाय लक्षवेधी असते, अर्धा तास चर्चा असते, पण मला बोलायचंय ते तारांकितबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचा एक ठरलेला साचा आहे. एक, अमुक ठिकाणी अमुक गैरप्रकार झाल्याचे माहे अमुकमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय. दोन, असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. तीन, असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे. चार, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. शेकडो प्रश्न याच चालीवर. आणि आमच्याकडून जे उत्तर वर जायचं ते पण ठरलेलं. भाग एकला ‘हे खरे नाही’ लिहिता आलं की सुटलात, पुढच्या तिन्ही भागांना एकच ओळ, ‘प्रश्न उद्भवत नाही’.

आता लोकांना वाटतं की ‘हे खरे नाही’ म्हणजे सरळ थाप. तसं बहुतेक वेळा नसतं हो. समजा आमदारांनी विचारलं की अमुक ग्रामीण रुग्णालयात सहा महिन्यांपासून डॉक्टर नाही हे खरे आहे काय. आता तिथे मंजूर पदं तीन, भरलेलं एक, आणि तो एक डॉक्टरसुद्धा प्रतिनियुक्तीवर, म्हणजे पद इथलं पण काम दुसरीकडे, जिल्ह्याला बसलेला, गावात कुणी त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. पण कागदावर पद भरलेलं आहे ना, पगार त्याच रुग्णालयातून निघतोय ना, मग ‘डॉक्टर नाही’ हे खरे नाही. संपलं. आमदारांनी मेहनत केली, गावकऱ्यांनी निवेदन दिलं, पेपरात बातमी आली, आणि सगळं एका ओळीत आडवं. तेच जर विचारलं असतं की मंजूर पदं किती, भरलेली किती, भरलेल्यांपैकी प्रतिनियुक्तीवर किती आणि कधीपासून, गेल्या तीन महिन्यांत किती पेशंट पुढे पाठवले, तर ‘खरे नाही’ म्हणायला जागाच उरत नाही. आकडाच द्यावा लागतो. आणि आकडा दिला की पुढे वाद घालायची गरज पडत नाही.

मधलं एक उत्तर असतं ‘अंशतः खरे आहे’. आमच्या साहेबांचं हे फार लाडकं. कुठला अंश खरा ते उत्तरात कधीच नसायचं.

आकडे मागितल्यावर काय बाहेर येतं याचं ताजं उदाहरण बघा. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत लेखी उत्तर आलं की जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या. पेपरांनी ७६७ उचलला, बरोबरच आहे. पण मला त्याच्या पुढची फोड जास्त बोलकी वाटते, ३७३ प्रकरणं सरकारी मदतीला पात्र, २०० अपात्र, १९४ चौकशीत. म्हणजे निकाल लागलेल्या प्रकरणांत तीनातलं एकापेक्षा जास्त घर एक लाखाच्या मदतीलाही बसत नाही, नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा या चौकटीत कागद बसले पाहिजेत. हे आपल्याला कुठून कळलं, मोर्चातून नाही, भाषणातून नाही, एका प्रश्नाच्या उत्तरातून. सरकार स्वतःहून अशी फोड छापून देईल ही आशा सोडा.

आणि प्रश्न खाली येतो तेव्हा काय धावपळ होते ते बाहेरच्यांना माहीतच नाही. पूर्वी फॅक्स यायचा, वर ‘विधानसभा तारांकित, अत्यंत तातडीचे’, नंतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आला, रात्री अकराला मेसेज, सकाळी दहापर्यंत माहिती द्या. रजा बंद. ज्या तालुक्यात काहीच नाही त्याने ‘निरंक’ कळवायचं, आणि निरंक कळवायलाही लोक दोन दिवस लावायचे. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितलीय. वर्षभर टेबलावर पडलेलं बिल, प्रश्न लागला म्हणून आठवड्याच्या आत निघालेलं. बंद पडलेली ॲम्ब्युलन्स दुरुस्त झालेली. कारण उत्तरात ‘कार्यवाही पूर्ण झाली आहे’ असं लिहिता आलं पाहिजे! तो प्रश्न पुढे सभागृहात पुकारला गेला की नाही कुणास ठाऊक, पण त्याचं काम आधीच झालेलं असायचं. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की प्रश्न विचारून काय उपटतात, तेव्हा मला राग येतो.

अर्थात ऑफिसात प्रश्न आला की पहिली कुजबुज ‘हा कुणी टाकायला लावला’ हीच असायची, आणि ती कुजबुज अगदीच बिनबुडाची नव्हती. पैसे घेऊन प्रश्न हा रोग जुना आहे. १९५१ साली एच. जी. मुदगल नावाच्या सदस्यांचं प्रकरण गाजलं होतं, मुंबईच्या सोनेचांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत त्यांची बाजू मांडल्याचं, हकालपट्टी होणार हे दिसल्यावर त्यांनी राजीनामा दिला. आणि डिसेंबर २००५ मध्ये तर छुप्या कॅमेऱ्यात सापडलेले ११ खासदार काढले, त्यातले दोघं आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या मतदारसंघांतले. लाज वाटायची गोष्ट आहे, पण उलटं बघा, प्रश्नाला किंमत आहे म्हणूनच कोणी ती मोजतं ना.

तर उपप्रश्न. माझ्या मते सगळा जीव उपप्रश्नात आहे. छापील उत्तर अधिकाऱ्यांनी घासूनपुसून दिलेलं असतं, सोबत संभाव्य उपप्रश्नांची टिपणी असते, आणि गॅलरीत अधिकारी चिठ्ठ्या घेऊन बसलेले असतात. पण टिपणीत नसलेलं काही आलं की मंत्री एकटा. मग ऐकायला मिळतं ‘तपासून घेऊ’, ‘दालनात बैठक लावू’, ‘शासन सकारात्मक आहे’, नाहीतर एखाद्या खालच्या अधिकाऱ्याचं जागेवर निलंबन. कधी अध्यक्षच वैतागून प्रश्न राखून ठेवतात, म्हणजे नीट उत्तर घेऊन पुन्हा या, तो मंत्र्याचा खरा पराभव. इंग्रजांनाही हे बरोबर कळलं होतं. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात, प्रश्न विचारायची मुभा दिली पण उपप्रश्न नाही म्हणजे नाही. १९०९ मध्ये दिला तोसुद्धा फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्याला. बाकीच्यांना तो मिळायला पुढच्या सुधारणांची वाट बघावी लागली.

आणि मुंध्रा प्रकरण तर यासाठी शाळेत शिकवायला हवं. सरकारी विमा महामंडळ एलआयसीने १९५७ मध्ये अडचणीत आलेले उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले, त्यातली रिचर्डसन अँड क्रुडास म्हणजे आपली भायखळ्याची. सप्टेंबरमध्ये लोकसभेत राम सुभग सिंग यांनी विचारलं तर उत्तर मिळालं उडवाउडवीचं. पण पुन्हा विचारलं गेलं, आणि डिसेंबरात फिरोज गांधींनी अशी माहिती काढून मांडली की सरकारला चौकशी लावावीच लागली. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे, वर पंतप्रधानांचे जावई! न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी घरी गेले. एक उडवलेलं उत्तर, कुणीतरी त्याचा पिच्छा सोडला नाही, एवढंच. आता सत्ताधारी आमदार उपप्रश्न विचारायला उठतो तो आधी दोन मिनिटं मंत्रीमहोदयांचे आभार मानतो. काय बोलणार.

२०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोरोनामुळे संसदेने प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला, लेखी उत्तरं चालू ठेवली. बऱ्याच जणांना वाटलं काय फरक पडतो, उत्तर तर मिळतंय. फरक हाच, की उलटून विचारायला कुणी नाही.

मंत्र्याने ‘करतो’ म्हटलं की त्याची नोंद होते आणि ती आश्वासन समितीकडे, म्हणजे दिलेला शब्द पाळला का हे बघणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, जाते, संसदेत त्याला तीन महिन्यांची मुदत आहे. मुदतवाढ मागायची पत्रंसुद्धा मी टाईप केलीत, मजकूर दरवेळी तोच, फक्त तारीख बदलायची.

सध्या रिटायर आहे, पण खोड जात नाही. आमच्या भागात नळपाण्याची टाकी बांधून रंगवून झालीय, पाण्याचा पत्ता नाही. गावातली पोरं आमदारांच्या पीएकडे निवेदन घेऊन निघाली होती, त्यात लिहिलेलं ‘योजना रखडली आहे हे खरे आहे काय’. मी म्हटलं थांबा रे, यावर ‘खरे नाही, काम प्रगतीपथावर आहे’ असं उत्तर मी झोपेत लिहून देईन. मग बसून नवीन केला. कार्यादेशाची तारीख कोणती, मुदत कधी संपली, ठेकेदाराला आजवर किती रक्कम अदा केली, टाकीत पहिल्यांदा पाणी कोणत्या तारखेला चढवलं, आणि विलंबाची कारणे हा भाग काढूनच टाकला, त्याच्या जागी दंड किती लावला आणि वसूल किती झाला एवढंच ठेवलंय. पीए म्हणाला मावशी हे जरा जास्तच टोचतंय, थोडं सौम्य करता का. नाही म्हणून सांगितलंय.