पंप आहे, पण तो नाही

खंबाटकीच्या पायथ्याशी सायकलचं पंक्चर काढताना एका नव्या मुलानं माझ्याकडे पंप मागितला. मी सवयीनं जर्सीच्या खिशातला निळा काढून दिला, दम्याचा. तो हातात घेऊन बघतच राहिला. तेव्हापासून दर राइडला कोणीतरी विचारतंच, "ताई, दमा असून ३००-४०० किलोमीटर कसं जमतं? घाटात दम नाही लागत?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घाटात दम सगळ्यांनाच लागतो. माझी पंचाईत घाट संपल्यावर होते.

हे कळायला मला दोन हिवाळे लागले. ज्येष्ठमध, काढे, झोपताना हळद-दूध, सगळं झालं. मग डॉक्टरांनी समजावलं. चढावर आपण तोंडानं भराभर श्वास घेतो. पहाटेची थंड, कोरडी हवा नाकातून ऊब आणि ओल न घेताच आत जाते. श्वासनलिका कोरड्या पडतात आणि आवळतात, तेही बऱ्याचदा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी. म्हणून मी वर ठणठणीत पोचायचे आणि ढास लागायची ती चहाच्या टपरीवर. सुरूरला एकदा कटिंगमधला निम्मा चहा जर्सीवर सांडला. टपरीवाल्या मावशी पाठीवर थापट्या मारत म्हणाल्या, "घास अडकला का गं?" बिस्किटाला हातही लावला नव्हता.

आता रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ, स्पेसर (औषध नीट आत जावं म्हणून पंपाला जोडायची नळी) लावून. नंतर चूळ भरायची, नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो. निळा, म्हणजे सॅल्ब्युटामॉल, निघण्याआधी पंधरा मिनिटं. पहिले पाच-सहा किलोमीटर सगळे पुढे गेले तरी जाऊ द्यायचे. नाका-तोंडावर बफ, म्हणजे गळ्यातला नळीसारखा रुमाल, ओढलेला. ओला, चिकट, किळसवाणा होतो, पण त्यातूनच आतली हवा उबदार राहते. आणि कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावर, पोचले की धप्पकन बसायचं नाही, दहा मिनिटं सायकल हातात धरून चालायचं.

"हे डोपिंग नाही का?" असंही एक काका दरवेळी विचारतात. नाही हो. सॅल्ब्युटामॉल पंपातून २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कुठल्याही आठ तासांत ६०० पर्यंत चालतं. माझे दोन पफ म्हणजे २००. सायकलपटू क्रिस फ्रूमचं २०१७ च्या व्हुएल्ता या स्पेनमधल्या शर्यतीतलं प्रकरण याच औषधाचं होतं. २०१८ मध्ये तो त्यातून सुटला. माझ्या वेगावर मात्र कोणी संशय घ्यावा, ही काकांची मेहेरबानी.

धुरापुढे मात्र यातलं काही चालत नाही. सकाळी पीक-फ्लो मीटरमध्ये फुंकते, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते त्यावर कळतं. माझा चांगला आकडा ४००, ३२० च्या खाली आला तर सायकल घरीच. मागच्या ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइडला, आकडा ३९० होता. उंब्रजच्या पुढे कोणीतरी पाचट पेटवलं होतं. धूर रस्त्यावर आडवा पसरलेला, त्यात ट्रकची रांग. निळा दोनदा घेतला, तरी छातीतली शिट्टी थांबेना. ठरलेल्या वीस तासांतले सहा शिल्लक होते आणि किलोमीटर सत्तर. पायांत जोर होता, त्याचाच जास्त राग आला. आयोजकांना फोन करून डीएनएफ, म्हणजे राइड अर्धवट सोडतेय असं, सांगितलं आणि एका टेम्पोला हात केला. ड्रायव्हरनं सायकल कांद्याच्या गोण्यांवर आडवी टाकली, माझ्याकडे पाहिलं आणि न सांगता विडी विझवली.