डॉपलरमध्ये रंग दिसला तरी अंडाशयाचा पीळ असू शकतो

तरुण बाईच्या ओटीपोटात अचानक कळ आली, की सोनोग्राफीआधी लघवीची गर्भचाचणी करा. पाळी वेळेवर आली असं सांगितलं तरीही. चाचणी पॉझिटिव्ह, गर्भाशय रिकामं आणि अंडाशयाशेजारी वेगळी गाठ असेल, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहक नळीत असल्याचा दाट संशय घ्या. मग सोनोग्राफीचा प्रोब यकृत आणि उजव्या किडनीमधल्या फटीवरही ठेवा. तिथवर रक्त पोचलं असेल, तर रक्तस्राव मोठा आहे.

सगळ्यात चकवतो तो अंडाशयाचा पीळ, म्हणजे अंडाशय देठाभोवती पिळलं जाणं. सोनोग्राफीत दिसतं ते असं: अंडाशय ५ सेंमीहून मोठं, मध्याकडे सरकलेलं, कडेनं बारीक फॉलिकल्सची (बीज वाढतं त्या पिशव्यांची) माळ, देठाशी भोवऱ्यासारखा वेढा. अंडाशयाला रक्त दोन बाजूंनी मिळतं, शिवाय आधी दबतात त्या पातळ भिंतीच्या शिरा. म्हणून डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, धमनीचा प्रवाह दिसूनही पीळ असतो. ‘रंग दिसतोय’ म्हणून पेशंटला घरी पाठवलं, की अंडाशय हातचं जातं. पाटण, जावळीच्या डोंगरातून साताऱ्याला पोचेपर्यंत कित्येक तास गेलेले असतात; त्यात सीटी स्कॅनसाठी आणखी थांबू नका, स्त्रीरोगतज्ज्ञाला सोनोग्राफीच्या खोलीतूनच फोन लावा.

अंडाशयातली जाळीदार दिसणारी रक्ताची गाठ बहुतेकदा आपोआप विरते. मोठी असेल तर ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करा.